व्याह्याच्या घरचं पाणी

माझ्या लग्नात जे झालं ते आधी सांगून टाकते. ते कळलं नाही तर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. कळलं तरी थोडा वाटेलच.

माझं माहेर जत तालुक्यात, पार कर्नाटकाला टेकलेलं. सासर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठावर. जिल्हा एकच, पण माहेरी पाणी टँकरनं यायचं आणि सासरी ते स्वतःच्या पायानं उंबऱ्यापर्यंत यायचं. नदीकाठची माणसं आमच्या भागात लेक द्यायला बघत नाहीत. सून मात्र खुशाल करून नेतात. पूर्वेची पोरगी डोक्यावर दोन आणि कमरेवर एक घागर घेऊन मैलभर चालते आणि हूं की चूं करत नाही, असा त्यांचा समज. घागरींचं खरं होतं. हूं की चूंच्या बाबतीत माझ्या सासरची फसवणूक झाली. मी लहानपणापासून तोंडाची फटकळ.

लग्न आमच्या दारात, भर मे महिन्यात. सकाळी सातला येणारा टँकर अक्षता पडल्या तरी आला नव्हता. वऱ्हाड नदीकाठचं. त्यांना तहान लागली की नुसता हात पुढं करायची सवय. बघता बघता दोन पिंपं रिकामी झाली, आणि मग विहिणीचे पाय धुवायची वेळ आली. नवरीच्या आईनं नवऱ्याच्या आईला पाटावर बसवायचं, परातीत पाय घेऊन तांब्यानं पाणी घालून धुवायचे, कुंकू लावायचं, असा रिवाज. घरात एकच घागर उरली होती, तीही पंगतीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी राखलेली. माझ्या आईनं एक स्वच्छ पांढरं फडकं भिजवलं, पिळलं, आणि विहिणीचे पाय घोट्यापासून बोटांपर्यंत अगदी सावकाश पुसले.

सासूबाई, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत आत्या, पाटावरून ताडकन उठल्या.

"मी काय फरशी हाय व्हय गं बाई, ओल्या फडक्यानं पुसायला?"

मांडवात हशा पिकला आणि तेच नडलं. कोणी हसलं नसतं तर कदाचित तिथंच मिटलं असतं. आत्यांनी पदर खोचला, चार माणसांसमोर हात वर केला आणि म्हणाल्या, "ह्या दारातल्या पाण्याचा थेंब माज्या नरड्याखाली जायाचा न्हाई. ह्या जल्मात न्हाई!"

तो शब्द त्यांनी बावीस वर्षं पाळला.

शब्द पाळायचा म्हटलं की त्याला कलमं जोडावी लागतात. तीही आत्यांनी एकेक करून जोडली. दूध चालेल, कारण ते म्हशीचं. चहा चालेल, पण निव्वळ दुधाचा. ताक नको, घुसळताना कोण किती ओततंय काय सांगावं! भात नको, तो पाण्यात शिजतो. मग भाकरीचं काय? पीठ पाण्यातच मळतात की. हा मुद्दा पहिल्याच दिवाळसणाला निघाला आणि आत्या ताटावर बसल्या बसल्या अडकल्या. पोटात भूक होती. थोडा विचार करून म्हणाल्या, "तव्यावर पाणी उडून जातंय." झालं, भाकरी पास झाली. डाळिंबालाही हरकत नव्हती. "त्यात आमच्याच रानातलं पाणी हाय की ओ आत्या," असं मी मुद्दाम म्हणाले, तर दाणे तोंडात टाकत म्हणाल्या, "ती झाडानं दिलंय, तुज्या बापानं न्हाई."

मला हे सगळं हसण्यावारी न्यायला जमलं. आईला जमलं नाही. ती फार बोलणारी बाई नव्हती. मी माहेरी गेले की भाकरी थापता थापता विचारायची, "ईनबाई काय म्हंत्यात?" म्हणजे विहीणबाई आता तरी पाणी पितील का. मी म्हणायचे, "सोड की गं, ती बाई म्हंजे एक नमुना हाय." ती मान हलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायची. चार वर्षांपूर्वी आई गेली. मातीला आत्या आल्या, खरंच रडल्या, आणि परत जाताना फाट्यावर उभ्या राहून पिशवीतल्या स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. ते कोणीतरी बघितलं आणि अप्पांना येऊन सांगितलं. सांगणाऱ्याचं तोंड मला सापडलं असतं तर बरं झालं असतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. उभी हयात मेंढरामागं गेली, आता दहा शेळ्या आणि थोडी डाळिंबाची बाग. भाऊ जत गावात बिऱ्हाड करून राहतो आणि टँकर चालवतो. अप्पा वस्तीवर एकटे. आई गेल्यापासून त्यांनी माझ्याकडं एकच मागणं लावलं होतं. "बाई, ईनबाईनं एक डाव माज्या घरचं पाणी प्याली पायजे. तुजी आय कुनाचा अपमान करनारी न्हवती. पर माज्या हातनं चुकलं, चुकलं, म्हनतच गेली. मी जायाच्या आदी ती निस्तरूं दे." म्हाताऱ्याला जमीन नको होती, मान नको होता, एक तांब्या पाणी एका हट्टी बाईच्या घशाखाली उतरलेलं बघायचं होतं. मी आत्यांना दोनदा सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "शब्द म्हंजे शब्द." तिसऱ्यांदा मी बोलले त्याचा इथं उल्लेख न केलेला बरा.

आता पावसाचं. मी काही हवामानाचं शिकलेली नाही. माझी बारावी, तीही दुसऱ्या झटक्यात. पण डोळे आहेत. पूर्वी साताऱ्याच्या डोंगरात पाऊस चार महिने पुरवून पुरवून पडायचा. हल्ली महिनाभर ऊन पाडतो आणि मग चार महिन्यांचं काम आठ दिवसांत उरकतो. धरणं भरतात, दारं उघडतात, आणि ते सगळं कराडवरून आमच्या अंगावर. माझी नणंद कराडला दिलेली आहे, घर संगमाजवळ. पूर्वी ती सणाला फोन करायची, आता पाण्याला करते. "वहिनी, घाटाच्या पायऱ्या गेल्या गं. निगालंय हितनं. उद्या सांजंपतोर तुमच्याकडं पोचंल." पावण्याला एसटीत बसवून दिल्यासारखं सांगते. एवढंच की डबा बांधून दिलाय असं म्हणत नाही.

आमच्या गावात नदीचा एक जुना नियम होता. पाणी पिंपळाच्या पाराला शिवतं आणि माघारी फिरतं. पाराला लागलं की बायका खण-नारळ घेऊन जायच्या, कृष्णामाईची ओटी भरायच्या, आणि ती समाधानानं परत जायची. आत्यांची सासू हेच सांगायची, तिची सासूही हेच सांगायची. यंदा ऑगस्टमध्ये पाणी पाराला लागलं. आत्यांनी ओटी भरली. पाणी अर्धा दिवस थबकलं आणि मग पार ओलांडून पुढं आलं. आत्यांनी ट्रंकेतला नवा खण काढला आणि पुन्हा ओटी भरली, ह्या वेळी आमच्याच गल्लीच्या तोंडाला उभं राहून. पाण्यानं तोही खण घेतला आणि ओट्याची पहिली पायरी घेतली.

"हावरी झालीया अलीकडं," आत्या म्हणाल्या. पण उंबऱ्यातून हलेनात. पंचाहत्तरीच्या बाईचा आयुष्यभराचा अंदाज डोळ्यांदेखत चुकत होता. ते मला बघवलं नाही. मी त्यांच्यावर खेकसले, "आवं आत उभं काय ऱ्हायलाय, चला की!" मला वाईट वाटलं की मी खेकसते.

चला म्हणजे कुठं? कराडचा रस्ता बंद. सांगलीतले नातेवाईक स्वतःच गच्चीवर. शाळेतली छावणी भरलेली. माझा नवरा प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी एकदम म्हणाला, "आई, तुमी दोगी अप्पांकडं जावा. मी जनावरं घिऊन छावणीच्या माळावर ऱ्हातो."

"त्येच्यापरास मी हितंच बुडून मरीन," आत्या म्हणाल्या.

"बघू," नवरा म्हणाला.

पाणी तिसऱ्या पायरीला आलं. आत्या म्हणाल्या, "माजं कॅन घ्या."

दहा लिटरचे पाच कॅन. पूर आला की नदीतली मोटर बुडते आणि नळ बंद पडतात. गावभर पाणी आणि प्यायला थेंब नाही, हा आमच्याकडचा दरसालचा चमत्कार. म्हणून आत्या आधीच कॅन भरून ठेवतात. सोन्याची पोत माळ्यावर राहिली, पैठणी राहिली, आणि पाच कॅन पाणी आमच्याबरोबर शेजाऱ्याच्या टेंपोत चढलं. दुष्काळी भागात जाताना स्वतःचं पाणी नेणं शहाणपणाचंच, असं टेंपोवाल्याला वाटलं. त्याला खरं कारण कोण सांगणार?

मिरज मागं पडलं आणि उघडीप लागली. ऊन पडलं. पुढं माळावर हिरवी काडी नव्हती. आमच्या अंगावरच्या साड्या अजून ओल्या आणि रस्त्यात फुफाटा. तेवढ्यात समोरून एक टँकर हॉर्न वाजवत आला आणि थांबला. चालवत होता माझा भाऊ.

"कुटं रं?" मी ओरडले.

"सांगलीला! पाणी द्यायला! तिकडं प्यायला पाणी न्हाई म्हनं!" तो म्हणाला. "वाटंत बोरवर भरून घेतलाय. तुमी कुटं?"

"पाण्याला भिऊन तुज्या गावाला!"

दोघंही हसायला लागलो ते थांबेचना. आत्या मात्र टँकरकडं बघत राहिल्या. आयुष्यभर ज्या भागाला 'दुष्काळी, दुष्काळी' म्हणून नाकं मुरडली, त्या भागातला टँकर त्यांच्या गावाला पाणी पाजायला निघाला होता. "काय दिस आलं बाई," एवढंच म्हणाल्या आणि टेंपोत आपल्या कॅनला टेकून बसल्या.

अप्पा दारातच उभे होते. हातात घासून लख्ख केलेला तांब्या. पावणं दारात आलं की आधी पाणी द्यायचं, हा आमचा धर्म. आत्यांनी तांब्या घेतला. अप्पा एक पाऊल पुढं आले. आत्यांनी शांतपणे त्यातलं सगळं पाणी पायांवर ओतलं, पाय एकमेकांवर घासून स्वच्छ धुतले आणि रिकामा तांब्या परत दिला. पाय धुवायला कलमाची आडकाठी नव्हती. दोन दिवस गाळून राखलेलं प्यायचं पाणी मातीत जिरताना अप्पा बघत होते. "बसा ईनबाई," ते म्हणाले, "लय दमला असशीला."

आमच्या वस्तीवर टँकर तीन दिवसांआड यायचा आणि सिमेंटच्या टाकीत पाणी टाकून जायचा. विहीर होती, पण तिच्या तळात बेडकालाही लाज वाटावी एवढंच पाणी. पहिल्या दिवशी आत्यांनी दोन बादल्यांनी अंघोळ केली. अंघोळ चालायची, ती घशाखाली जात नाही. अप्पा टाकीत काठी घालून बघून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीतला दगड उचलून लिंबाच्या आळ्याजवळ ठेवला आणि आडोसा बांधून दिला. "हितं बसा ईनबाई, लिंबूबी न्हाऊन निगंल." आत्यांना ती कल्पना भलतीच आवडली. अंघोळ झाली की लिंबाखाली वाकून पाणी नीट मुरलं का बघायच्या. एका बादलीवर आल्या, मग अर्ध्या. धुण्याचं पाणी शेळ्यांच्या गोठ्यात, भांड्यांचं डाळिंबाला, कुठलं पाणी कुठं जातं हे त्यांना तिसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक झालं. मीच चुकून खरकटं पाणी अंगणात फेकलं तर माझ्यावर डाफरल्या, "काय गं, नदीवर बसलीयास व्हय?" म्हणजे बघा! पण प्यायचं पाणी मात्र कॅनमधलंच.

तिसऱ्याच सकाळची गोष्ट. अप्पा देव्हाऱ्यापुढं बसले होते. एक पांढरं फडकं वाटीभर पाण्यात भिजवलं, पिळलं, आणि देवाचे टाक एकेक करून हळूहळू पुसायला लागले. आत्या दारात उभ्या.

"पावणं, देवास्नी आंगूळ न्हाई व्हय?"

"हीच की आंगूळ," अप्पा मागं न बघता म्हणाले. "आमच्याकडं देवालाबी आसंच. धुयाला पाणी कुटलं? फडकं सवच्छ पायजे आन् हात हळू पायजे. बाकी देव समजून घेतोय."

आत्या तिथंच उभ्या राहिल्या. अप्पांनी शेवटचा टाक पुसून ठेवेपर्यंत हलल्या नाहीत. दुपारी जेवताना त्या सारखा डोळ्यांना पदर लावत होत्या. मला वाटलं, ठेच्याची मिरची लागली असेल. मी गूळ नेऊन दिला. त्यांनी तो हातातच धरून ठेवला.

कॅनचं म्हणाल तर चौथा कॅन एका शेळीनं शिंगानं पाडला. झाकण उघडं होतं. सगळ्या दहाही शेळ्यांनी ते पाणी मिनिटात चाटून पुसून घेतलं. सहाव्या दिवशी सकाळी शेवटचा कॅन संपला. आत्या निव्वळ दुधाच्या चहावर आल्या. दुपारपर्यंत सहा कप झाले आणि जीभ टाळ्याला चिकटायला लागली. उन्हानं तर कहर केला होता. अप्पा माझ्यामागं माझ्यामागं, "मरतील की गं ईनबाई, काय तरी कर." मी आत्यांपुढं तांब्या आपटला. त्या म्हणाल्या, "दुकानातनं कॅन आणा. इकतचं चालतंय." कलम!

अप्पांचा चेहरा पडला. तरी ते उठले, पायताण घातलं. तेवढ्यात पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ आलं आणि पावसानं आमच्या वस्तीवर अक्षरशः झेप घेतली.

इथं एक सांगितलं पाहिजे. आमच्या भागात पाऊस आला की घरातलं एकूण एक भांडं बाहेर काढायचं आणि पन्हाळीखाली मांडायचं. पातेली, घागरी, परात, डबे, लोटी, सगळं. हे आम्हाला शिकवावं लागत नाही, रक्तातच आहे. नदीकाठी पाणी आलं की घरातलं एकूण एक भांडं माळ्यावर चढवायचं. तेही रक्तातच. त्या दिवशी ही दोन रक्तं एका घरात होती. अप्पा आनंदानं 'यप्पा, यप्पा' करत घागरी बाहेर नेत होते आणि आत्या त्याच घागरी दुसऱ्या दारानं उचलून आत आणून माळ्यावर टाकत होत्या. एक परात तर मी तीनदा बाहेर जाताना आणि तीनदा आत येताना बघितली.

"आवं ईनबाई, पाऊस हाय, पूर न्हाई!" अप्पा ओरडले.

"आवं पावणं, ह्या सालात पावसाला आन् पुराला भेद ऱ्हायलाय व्हय?" आत्या ओरडल्या, आणि बाहेर जाऊन ओढ्याच्या कडेला एक काठी रोवून आल्या. अप्पा हसले. तो ओढा कोरडा. मी लहानपणी त्यात गोट्या खेळलेली. दहा मिनिटांनी काठी निम्मी पाण्यात. आणखी पाच मिनिटांनी काठीच दिसेना.

माहेरच्या गावाला काही कळेना. वरच्या वस्तीवरची माणसं ओढ्याला पाणी आलं म्हणून बघायला कडेला येऊन उभी राहिली, दोघं-तिघं मोबाईलवर फोटो काढायला लागले. आत्या पदर खोचून अंगणात उभ्या राहिल्या आणि ज्या आवाजात त्यांनी बावीस वर्षांपूर्वी शपथ घेतली होती त्याच आवाजात ओरडल्या, "मागं सरा रं, मुडद्यांनो! फोटू काय काढताय, जीव जाईल!" माणसं सरली, आणि ती जिथं उभी होती ती दरड पाठोपाठ खाली बसली. मग अप्पांना हुकूम: शेळ्या सोडा, वरच्या माळाला हाका. मला: ज्वारीची पोती माळ्यावर, लाईटचं बटण बंद, गॅसची टाकी बांध. अप्पा उभ्या आयुष्यात कोणाचं ऐकलेले नाहीत, आईचं तर नाहीच. त्या दिवशी 'व्हय, व्हय' करत पळत होते. पाणी अंगणातून वाहिलं, चुलीत शिरलं आणि दीड तासात उतरलंही. दहा शेळ्या वाचल्या, ज्वारी वाचली. बाहेर मांडलेल्या भांड्यांपैकी एक पातेलं डाळिंबाच्या फांदीत अडकलेलं सापडलं, बाकीची कर्नाटकात गेली असणार.

ऊन पडलं. टाकीचं झाकण वाहून गेलेलं, आत चिखल. विहिरीकडं गेलो तर विहीर काठोकाठ भरलेली. मी जन्मात तिला तशी बघितली नव्हती. पण पाणी चहासारखं तांबडं. चहूकडं पाणी आणि प्यायला घोट नाही. आमची वस्ती एका दुपारीत कृष्णाकाठ झाली होती.

अप्पा निघून गेले. तासाभरानं चिखलातून परत आले, खांद्यावर दुकानातला कॅन. सत्तरी कधीच ओलांडलेला माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. कॅन आत्यांपुढं ठेवला. "घ्या ईनबाई. इकतचं हाय. तुमच्या शब्दाला काय बाद येत न्हाई."

आत्यांनी कॅनकडं बघितलंसुद्धा नाही. "इकतचं मी माज्या घरीबी पीन," त्या म्हणाल्या. "मला तुमच्या ईरीचं द्या."

बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं आणि अप्पांनी हात जोडले. "नगो ईनबाई. आज नगो. पाणी खराब हाय. तुमास्नी काय झालं म्हंजे? मी इतकी वर्सं थांबलो, आनी चार दिस थांबतो." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी रागानं आत्यांना म्हणाले, "आवं, प्यायचं नव्हतं तवा न्हाई प्याला, आन् आता ईर गढूळ झाली तवाच सुचलं व्हय?"

"तू गप," आत्या म्हणाल्या. मग अप्पांकडं वळल्या. "पावणं, तुमच्या कारभारनीनं माजं पाय देवासारखं पुसलं हुतं. मला वाटलं, फरशीसारखं पुसलं. ती बिचारी चुकलं चुकलं म्हनत गेली आन् चुकली हुती मी. आता ह्या इकतच्या पाण्यानं मला आनी लाजवू नगा." एवढं बोलून त्यांनी पिशवी उचकली आणि तुरटीचा खडा बाहेर काढला. "गढूळ पाण्याचं मला शिकवू नगा. दरसाल पुराचंच पिते मी."

त्यांनी स्वतः विहिरीची घागर ओढली. पाण्यात तुरटी फिरवली, झाकून ठेवली, गाळ बसेपर्यंत घागरीपाशी बसून राहिल्या. मग वरचं पाणी लुगड्याच्या पदराची चौघडी करून गाळलं, गॅसवर खळाखळा उकळलं, पातेलं परातीत ठेवून निववलं. हे सगळं होईपर्यंत दिवेलागण झाली. तहानेनं त्यांचे ओठ फुटले होते, पण घाई केली नाही. शेवटी तांब्या भरला आणि तो अप्पांच्या हातात दिला.

"आता द्या. माज्या हातानं घ्यायचं न्हवं, तुमी द्यायचं."

अप्पांनी दोन्ही हातांनी तांब्या पुढं केला. घाईत थोडं सांडलंच. आत्या उभ्या राहून, वरून धार धरून, एका दमात सगळा तांब्या प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं.

"मचूळ हाय वो," म्हणाल्या.

ह्या क्षणी काय बोलायचं ते अप्पांनी किती वर्षं घोकून ठेवलं होतं. आईचं नाव घेऊन एक मोठं वाक्य होतं, मला पाठ झालेलं. त्यातला एक शब्द त्यांना आठवेना. त्यांनी डोळे पुसले, दाराबाहेर काठोकाठ भरलेल्या विहिरीकडं बघितलं, आणि त्या घरात पाण्याबद्दल मी कधीच कोणाच्या तोंडून न ऐकलेलं वाक्य म्हणाले.

"घ्या की ईनबाई अजून. पाणी लय हाय."